जाड स्टॅबिलायझर बार : गिऱ्हाइकाची हौस आणि कारागिराची जबाबदारी

पुण्याच्या नाना पेठेत आणि आसपासच्या गल्ल्यांत वाहनांच्या सुट्या भागांचा बाजार वर्षानुवर्षे भरलेला आहे. या बाजारात आणि शहरभर विखुरलेल्या गॅरेजांत मुस्लिम व्यापारी, मिस्त्री आणि लेथवाले मोठ्या संख्येने आहेत. वाहनदुरुस्तीच्या धंद्यात मुस्लिमांचा वाटा लक्षणीय असल्याची नोंद २००६ साली सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. म्हणून गिऱ्हाइकांच्या आवडीत थोडा जरी बदल झाला तरी त्याचा परिणाम आपल्या बांधवांच्या गल्ल्यावर होतो. असाच एक बदल म्हणजे रोजच्या वापरातील गाडीला जाड स्टॅबिलायझर बार बसवून घेण्याची हौस. ‘गाडी वळणावर लोळते, जाड बार टाकून द्या,’ अशी मागणी घेऊन येणाऱ्या तरुणाला काय उत्तर द्यावे, हा या लेखाचा विषय आहे. उत्तर चुकले तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही. ती गाडी दुसऱ्या दिवशी बायकामुलांना घेऊन खंबाटकी घाट उतरणार असते.

आधी वस्तू समजून घेऊ. हिला स्वे बार किंवा अँटी-रोल बार असेही म्हणतात. आपल्या दुकानांत ती स्टॅबिलायझर बार म्हणूनच विकली जाते. स्प्रिंगच्या पोलादाची ही एक वाकवलेली दांडी असते. तिचा मधला भाग गाडीच्या अंगाला दोन रबरी बुशांत धरलेला असतो आणि दोन्ही टोके लिंक रॉडमार्फत डाव्या व उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावर चढली तर दांडी बुशांत नुसती फिरते, तिचे काहीच काम नसते. पण वळणावर गाडीचे अंग एका बाजूला झुकू लागले की एक टोक वर आणि दुसरे खाली जाते, दांडीला पीळ बसतो, आणि हा पीळ सुटण्याची धडपड गाडीला झुकण्यापासून रोखते. कॅनडातील स्टीफन कोलमन यांना अशा प्रकारच्या दांडीचे पेटंट १९१९ साली मिळाले होते. म्हणजे वस्तू नवी नाही. नवी आहे ती ती जाड करण्याची हौस.

जुन्या मिस्त्रींना हा भाग प्रथम नीट कळला तो मारुती ८०० मुळे. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती. तिच्या पुढच्या बाजूची ही दांडी दोन कामे करीत असे. एक, गाडीला झुकू न देणे. आणि दुसरे, खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू न देणे. त्यामुळे मारुतीचे बुश खराब झाले की गाडी वळणावर झुके, आणि शिवाय ब्रेक मारताना एका बाजूला ओढेही. ज्याला हे दुसरे काम ठाऊक नव्हते तो मिस्त्री ब्रेक खोलून बसे आणि दोष सापडत नसे. हे उदाहरण मुद्दाम दिले, कारण या दांडीला हात लावण्यापूर्वी त्या विशिष्ट गाडीत ती काय काय सांभाळते हे पाहणे ही पहिली पायरी आहे. पिंपरीत टेल्कोने बनवलेली आणि डिसेंबर १९९८ मध्ये जाहीर झालेली इंडिका ही पुण्याची आपली गाडी. तिच्यात आणि नंतरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रचना वेगळी आहे. तेथे आर्मला धरून ठेवण्याचे काम आर्मचे स्वतःचे बुश करतात आणि बार फक्त झुकणे रोखतो.

आता जाडीचा हिशेब. हा हिशेब प्रत्येक दुकानदाराने पाठ करावा असा आहे. भरीव गोल दांडीचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरची दांडी घेतली तर जाडी फक्त दहा टक्के वाढली, पण कडकपणा सुमारे ४६ टक्के वाढला. २४ ची घेतली तर तो दुपटीहून अधिक झाला. २५ ची घेतली तर जवळपास अडीचपट. ‘दोन-चार मिलिमीटरने काय होते?’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आकडे कागदावर मांडून दाखवावेत. उलट बाजूने, कित्येक नव्या गाड्यांत दांडी पोकळ असते. आतले भोक बाहेरच्या व्यासाच्या निम्मे असले तर वजन पाव हिश्श्याने घटते, पण कडकपणा जेमतेम सहा टक्के कमी होतो. म्हणून कॅलिपर लावून नुसता बाहेरचा व्यास मोजला तर तुलना फसते. टोकाच्या हाताची लांबीही महत्त्वाची आहे. तो हात दहा टक्क्यांनी आखूड असला तर कडकपणा सुमारे २३ टक्के वाढतो. टोकाला दोन-तीन भोके असलेले जे बार मिळतात, त्यांत लिंक आतल्या भोकात घेतली की बार कडक आणि बाहेरच्या भोकात घेतली की नरम होतो, तो याच कारणाने.

गिऱ्हाइकाचा खरा गैरसमज मात्र वेगळाच असतो. त्याला वाटते, गाडी कमी झुकली म्हणजे तिची पकड वाढली. तसे नाही. वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती जातो हे गाडीची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळणाचा वेग ठरवतात. बार बदलून हा एकूण भार म्हणावा तसा कमी होत नाही. बार फक्त इतकेच ठरवतो की त्यातला किती पुढच्या चाकांनी सोसायचा आणि किती मागच्या. मार्केट यार्डातील दोन हमालांचे उदाहरण घ्या. ८० किलोचा बोजा ४०-४० असा वाटला तर दोघेही चालतील. एकावर ७० आणि दुसऱ्यावर १० टाकले तर पहिला लवकर बसेल, आणि दुसऱ्याला मिळालेला आराम त्याची भरपाई करणार नाही. टायरचे असेच आहे. भार वाढला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. म्हणून ज्या टोकाला बार जाड केला, त्या टोकाची पकड आधी सुटते.

पुढचा बार जाड केला तर गाडीचे नाक वळणात बाहेर धावू लागते, स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. मागचा जाड केला तर नाक चटकन वळते, पण मर्यादा ओलांडली की शेपूट सुटते. कंपन्या रोजच्या गाड्या मुद्दाम पहिल्या प्रकाराकडे झुकवून ठेवतात. याला कारण आहे. सर्वसाधारण चालक घाबरला की पाय ॲक्सिलरेटरवरून काढतो, आणि नाक बाहेर धावणारी गाडी तेवढ्याने पुष्कळदा पुन्हा रेषेवर येते. शेपूट सुटलेली गाडी मात्र पाय काढल्याने अधिकच फिरते. शर्यतीत चालवणारा ती सावरू शकेल. पहिल्या पावसात नवले पुलाचा उतार उतरणारा नोकरदार सावरू शकेल का? रस्त्यावर तेल आणि धूळ मिसळलेल्या त्या दिवशी मर्यादा किती लवकर येते हे पुणेकरांना सांगायला नको.

कंपन्यांचे सुद्धा या बाबतीत चुकू शकते. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमध्ये एका मोटार नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीझची नवी ए-क्लास गाडी अचानक वळणे घेताना चक्क उलटली. कंपनीला विक्री थांबवावी लागली, सस्पेन्शनमध्ये बदल करावे लागले आणि गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावणारी ईएसपी यंत्रणा प्रत्येक ए-क्लासला द्यावी लागली. अशी यंत्रणा असलेल्या गाड्या आता आपल्याकडेही पुष्कळ झाल्या आहेत. तिची जुळवणी मूळ बार धरून केलेली असते. तेथे भलताच बार बसवणे म्हणजे शिंप्याने माप घेतल्यावर अंग बदलण्यासारखे आहे.

मागच्या बाजूबद्दल आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना मागे स्वतंत्र बार नसतोच. डावा-उजवा हात जोडणारी जी आडवी तुळई असते तीच पीळ घेते आणि बारचे काम करते. गिऱ्हाईक खाली वाकून पाहते आणि ‘कंपनीने पैसे वाचवले’ म्हणते. मग त्या तुळईला भोके पाडून किंवा वेल्डिंगने पट्टी मारून दांडी जोडण्याचा प्रकार होतो. पीळ खाण्यासाठी बनवलेल्या पत्र्याला भोक पाडले की तडा तिथूनच सुरू होतो. अशा गाडीसाठी बोल्टने बसणारा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला संच मिळत असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर नाही म्हणावे.

तर मग करायचे काय? आपल्या मते गाडी लोळते अशी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांना जाड बारची गरजच नसते. त्यांना त्यांचा मूळ बार परत मिळवून द्यायचा असतो. खड्ड्यांनी बुशाचे रबर झिजते, कडक होते, भोक मोठे होते. मग गाडी बरीच झुकल्यावरच दांडी कामाला लागते. लिंक रॉडचा बॉल सैल झाला की तेच. म्हणजे बार आहे, पण उशिरा जागा होतो. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना पुढून कटकट आवाज येणे हे याचे ओळखीचे लक्षण. तपासताना एकच चाक जॅकवर उचलू नये. तसे केल्यास दांडीला पीळ बसून लिंक ताणली जाते आणि सैलपणा लपतो. दोन्ही चाके सारख्या उंचीवर असताना, शक्यतो गाडी रॅम्पवर स्वतःच्या चाकांवर उभी असताना, लिंक हाताने हलवून पाहावी. बुशाजवळ दांडीवर चकाकी आलेली दिसली तर दांडी रबरात घसरते आहे असे समजावे.

बुश नेहमी जोडीने बदलावेत. दांडीचा व्यास त्या जागी मोजूनच बुश घ्यावा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत तो वेगळा असू शकतो. दांडी तेथे गंजून झिजली असेल तर नवा बुशही सैलच बसेल. क्लॅम्पचे आणि लिंकचे नट शेवटचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर असावे. हवेत लोंबकळत्या चाकांवर आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. आवळण्याचे माप कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टॉर्कचा पाना ही चैन नाही, ते हत्यार आहे. रबराच्या जागी पॉलियुरेथेनचे बुश घेणारे गिऱ्हाईकही असते. ते अधिक घट्ट धरतात आणि टिकतात, मात्र सिलिकोनचे ग्रीस लावल्याशिवाय बसवले तर काही दिवसांतच चरचरू लागतात. साध्या रबराला मात्र खनिज तेलाचे ग्रीस लावू नये, ते रबर फुगवते.

या कामात मालाची किंमत थोडी आणि कसब जास्त आहे. म्हणून काही जण त्याकडे दुर्लक्ष करतात आणि जाड बार विकण्यात रस घेतात. दुकानदारीच्या दृष्टीनेही हा हिशेब चुकीचा वाटतो. जाड बार एका गिऱ्हाइकाला एकदा विकला जातो. बुश आणि लिंक पुण्याच्या रस्त्यांवर पुन्हा पुन्हा लागतात, आणि ज्याने पहिल्यांदा थोडक्यात कटकट बंद करून दिली त्याच्याकडे तेच घर दुसरी गाडीही घेऊन येते.

बुश, लिंक, शॉकॲब्सॉर्बर, टायर, हवा आणि व्हील अलाइनमेंट हे सर्व ठीक असूनही चालकाला गाडी अजून घट्ट हवी असेल, तर बारचा विचार करायला हरकत नाही. पण तेव्हा एकच पायरी वर जावे. भरीव दांडीत एक-दोन मिलिमीटर पुष्कळ झाले. त्याच मॉडेलसाठी बनवलेला बार घ्यावा. त्याबरोबर लिंक आणि बुश नवे असावेत आणि क्लॅम्प ज्या पत्र्याला लागतो तो गंजलेला नाही ना हे पाहावे, कारण जाड बारचा वाढलेला जोर शेवटी त्या पत्र्यावर येतो. गिऱ्हाइकाला आधीच सांगावे की आराम कमी होईल. एकच चाक खड्ड्यात गेले की आता दुसऱ्या बाजूलाही धक्का जाणवेल आणि गाडी डावी-उजवी डोलेल. पुण्यात खड्डे नेहमी दोन्ही चाकांखाली बरोबरीने येत नाहीत, म्हणून हा त्रास रोजचा आहे. पेठांमधून स्कूटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला घट्ट बारचा उपयोग काय, असा प्रश्नही विचारायला हवा. आठवड्यातून दोनदा कात्रज किंवा ताम्हिणी घाट करणाऱ्याला मात्र फरक समजेल.

लोहारकाम आणि वेल्डिंग करणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द वेगळे. ही दांडी साधे लोखंड नाही. वाकवून झाल्यावर ती तापवून तेलात किंवा पाण्यात विझवतात, पुन्हा ठरावीक उष्णतेला नेऊन तिची ठिसूळता कमी करतात, आणि मग पृष्ठभागावर बारीक पोलादी छर्रे मारतात. छर्ऱ्यांमुळे वरचा थर दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि तडा सुरू व्हायला कठीण जाते. गॅसच्या ज्योतीने लाल करून दांडी वाकवली की हे सगळे पाणी उतरते. वेल्डिंग केले तर जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. अशी दांडी दुकानातून बाहेर पडताना ठीक दिसते आणि काही महिन्यांनी वळणावर तुटते. तुटलेले टोक टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागू शकते. कमानपाटे तापवून हाताने वाक देणाऱ्या कारागिरांचे कसब मोठे आहे यात शंका नाही. पण पाटा एक तुटला तर बाकीचे पाटे धरतात. येथे दांडी एकच असते. हत्याराने खोल ओरखडा उठणेही वाईट. रंग निघाला की गंजाचा खड्डा पडतो आणि तडा त्याच खड्ड्यातून निघतो. म्हणून बसवताना पकड थेट दांडीवर लावू नये आणि रंग उडालेल्या जागी लगेच रंग द्यावा.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. बारची जाडी नोंदणीपुस्तकात लिहिलेली नसते, म्हणून वाद कदाचित आरटीओत निघणार नाही. तो अपघातानंतर विमा कंपनीच्या तपासनिसासमोर निघेल. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमही हात वर करू शकते. म्हणून बदल करण्यापूर्वी गिऱ्हाइकाने विमा कंपनीला लेखी कळवावे, असे त्याला आपणच सांगावे.

बिलाशिवाय हे काम करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटीचा एकच १८ टक्के दर लागू झाला आहे. पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे पक्क्या बिलाचा माल आता गिऱ्हाइकाला तेवढा महाग वाटत नाही. बिलावर बारचा व्यास, तो पुढचा की मागचा, कोणत्या मॉडेलसाठीचा, आणि गाडीचे किलोमीटर लिहावेत. पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासण्यासाठी बोलवावे आणि तो दिवसही त्याच कागदावर टाकावा. आणि काढलेला मूळ बार भंगारात न घालता कापडात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवावा. खड्ड्यांना कंटाळून महिन्याभराने तो परत आला, तर तोच बार पुन्हा बसवता येतो.